नाफ्प्लिओ (ग्रीस): जूनच्या सुरुवातीला तिथे राहून एका दिवसात कुठे कुठे जाऊन येता येईल?

मेघना_म्युनिक · ९ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ दिवस ग्रीसला जातोय. इथे बव्हेरियात तेव्हा शाळांना सुट्टी असते. बेटांवरची गर्दी नको म्हणून पेलोपोनीजमधलं नाफ्प्लिओ हे समुद्रकाठचं छोटं गाव ठरवलं. जुन्या गावात दुसऱ्या मजल्यावर घर घेतलंय.

आम्ही चौघं. मी, नवरा, नऊ वर्षांचा अर्णव आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. आई ७१ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी, पण उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त. सामान एकाच ठिकाणी ठेवायचं, सकाळी निघायचं आणि रात्री त्याच घरी परत यायचं, एवढं नक्की आहे.

मायसिनीचा पुरातन किल्ला आणि एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह ही नावं माहीत आहेत. त्यापलीकडे काय? गाडी घ्यावी की बसने जमेल? आणि आईंना झेपेल असं काय काय आहे? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी लिहाच.

शेंगदाणे · ९ मे, रात्री १०:३०

आम्हीही पुढच्या वर्षी विचार करतोय. इथेच बसून वाचतो.

पायवाट · ९ मे, रात्री ११:४८

मेघनाताई, गाव फार छान निवडलंत. आम्ही दोन वेळा राहिलोय, एकदा मेअखेर आणि एकदा ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये पुन्हा जाणार नाही.

पहिली गोष्ट, घड्याळ. तिथली उघड्यावरची स्थळं उन्हाळ्यात सकाळी ८ ला उघडतात. तुम्ही ८ ला दारात हवेत. मायसिनीला सावली अशी नाहीच, टेकडीवर नुसते दगड. दहा वाजता अथेन्सहून मोठ्या बसेस येतात आणि सिंहद्वारापाशी रांग लागते. आठला गेलात तर तो दरवाजा तुमच्या एकट्यांचा असतो. साडेअकराला परत, जेवण, झोप, पाचला समुद्र. जूनमध्ये सूर्य रात्री पावणेनऊच्या आसपास मावळतो, म्हणजे संध्याकाळ चार तासांची मिळते.

मायसिनी नाफ्प्लिओहून वीसबावीस किलोमीटर. सिंहद्वार इसवी सन पूर्व १२५० च्या सुमाराचं, वरच्या दोन्ही सिंहांची डोकी गेलेली आहेत. आत शिरताच उजव्या हाताला दगडांचं गोल कडं दिसतं. तिथेच श्लीमन या जर्मन उत्खननकाराला १८७६ मध्ये सोनं सापडलं. त्याला वाटलं ट्रोजन युद्धातल्या अगामेम्नॉन राजाचा मुखवटा मिळाला, पण मुखवटा ट्रोजन युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाच्या तीनएक शतकं आधीचा आहे. मूळ अथेन्सच्या संग्रहालयात आहे.

बरेच लोक एक चूक करतात. किल्ला बघून गाडीत बसतात आणि अर्धा किलोमीटर अलीकडे रस्त्याला लागून असलेलं अत्रेउसचं थडगं चुकवतात. तिकीट तेच असतं, जपून ठेवा. आत साडेतेरा मीटर उंच दगडी घुमट आहे, चुना नाही, सिमेंट नाही. दारावरचा आतला दगड १२० टनांच्या आसपास भरतो म्हणतात. आईंना किल्ला चढवू नका, हे दाखवा. जवळजवळ सपाट वाट आहे.

दिंडी_दरवाजा · १० मे, सकाळी ७:०५

कुठे कुठे जायचं ते नंतर. आधी गावाच्या डोक्यावरचा पालामिदी किल्ला! एक सकाळ त्याचीच.

समुद्रसपाटीपासून २१६ मीटर उंच. व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ या काळात बांधला. म्हणजे आपल्याकडे कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले, बाळाजी विश्वनाथांशी बोलणी झाली, अगदी तीच वर्षं. आणि गंमत बघा, इतका मजबूत किल्ला बांधून झाला आणि १७१५ मध्ये तुर्कांनी घेतला! पुढे नोव्हेंबर १८२२ मध्ये एका रात्रीत ग्रीकांनी तुर्कांकडून मिळवला.

आत एक सलग तट नाही. आठ स्वतंत्र बुरूज आहेत आणि प्रत्येक बुरूज एकट्याने लढू शकेल असा. एक पडला तरी बाकीचे उभे. मी सह्याद्रीत तीस वर्षं गड फिरतोय, पण असा विचार प्रत्यक्ष दगडात बघून थांबून राहिलो. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती कोलोकोट्रोनिस याला त्याच्याच देशाच्या नव्या सरकारने इथे कोंडलं होतं. ती कोठडी दाखवतात. आत जायला वाकावं लागतं, आणि आत गेल्यावर कुणी बोलत नाही.

पायऱ्या ९९९ म्हणतात. म्हणे हजार होत्या आणि कोलोकोट्रोनिसच्या घोड्याने शेवटची मोडली. अर्णवला मोजायला लावा.

खाली बंदरात बूर्ट्झी आहे, छोटा जलदुर्ग, पंधराव्या शतकातला. काठावरून होडीने काही मिनिटांत पोचतो. सिंधुदुर्गाची भव्यता नाही, पण पाण्यातून भिंत वर आलेली बघितली की मालवणच आठवतं. १८६५ नंतर तिथे फाशी देणारे राहायचे, कारण गावात त्यांना कुणी शेजारी घेत नसे.

स्मिताकाकू_ठाणे · १० मे, सकाळी ९:२०

दिंडी दरवाजा, तुमचा उत्साह आवडला, पण ७१ वर्षांच्या दुखऱ्या गुडघ्यांना त्या पायऱ्या दाखवू नका हो! मेघना, मागच्या बाजूने थेट वरच्या दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे. टॅक्सी जाते. आम्ही दोघं टॅक्सीने वर गेलो आणि यांनी एकट्याने पायऱ्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी यांच्या पोटऱ्या धरल्या, माझ्या नाही.

आईंसाठी सगळ्यात छान म्हणजे आर्वानितियाची वाट. बंदराच्या टोकापासून कड्याच्या पायथ्याने समुद्राला चिकटून जाते, फरसबंद, गाड्या नाहीत. पलीकडे छोटा किनारा, पण तिथे वाळू नसून गोटे आहेत. रबरी चप्पल न्या सगळ्यांना.

आइंडहोवनकर · १० मे, सकाळी ११:३६

एपिडॉरसबद्दल. नाट्यगृह इसवी सन पूर्व चौथ्या शतकातलं, ५५ रांगा, चौदा हजारांच्या आसपास माणसं बसत. खालच्या ३४ रांगा आधीच्या, वरच्या २१ नंतर वाढवलेल्या. बघायलाच हवं, त्यात वाद नाही.

पण मार्गदर्शक सांगतात की मध्यभागी नाणं टाकलं किंवा कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतं, ते तसंच्या तसं घेऊ नका. आमच्या गावच्या तंत्रविद्यापीठाने २०१७ मध्ये तिथे शेकडो जागी मोजमापं घेतली. कुजबूज मागे पोचत नाही. नाणं पडल्याचं जाणवतं, पण ते नाणंच आहे हे कळत नाही. नटासारखा खणखणीत आवाज लावला तर मात्र वरपर्यंत जातो.

पायवाट · १० मे, दुपारी १:१५

@आइंडहोवनकर, मोजमाप मान्य. पण मी ४० व्या रांगेच्या आसपास बसलो होतो आणि खाली एक बाई कागद फाडत होती, तो आवाज मला आला. सकाळी सव्वाआठला, रिकाम्या नाट्यगृहात. दहा वाजता सहाशे माणसं बडबडत असताना हिमालयाएवढा आवाज लावला तरी काय ऐकू येणार!

आइंडहोवनकर · १० मे, दुपारी १:४०

कागद फाडण्याचा आवाज तीव्र असतो, तो चालू शकेल. माझं म्हणणं कुजबुजीपुरतं. मेघना, तुम्हीच करून बघा आणि कळवा.

केतकीचे_बन · १० मे, संध्याकाळी ६:०२

शाकाहाराची काळजी सोडा. मी ग्रीसमध्ये तीन वर्षं काढली आहेत, आणि मी अंडंसुद्धा खात नाही.

एक शब्द पाठ करा: निस्तीसिमो. म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोकांचे वर्षात पुष्कळ उपास असतात आणि तेव्हा मांस, दूध, अंडी वर्ज्य. जूनमध्ये २९ तारखेच्या आधी प्रेषितांचा उपास असतो. फक्त एक सावधगिरी. त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ चालतात. म्हणून निस्तीसिमो म्हटल्यावर "होरिस थालासिना", म्हणजे समुद्रातलं नको, हेही सांगायचं.

आईंना काय आवडेल? फावा मागवा, ते पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी लिंबू पिळून. बाम्येस म्हणजे टोमॅटोतली भेंडी, उन्हाळ्यात मिळतेच. यिगांदेस हे मोठे पांढरे पावटे, भट्टीत शिजवलेले. आणि गोडात "ग्लिको तू कुतालिऊ". छोट्या बशीत चमच्याने खायचा मुरांबाच तो, कधी संत्र्याच्या सालीचा, कधी चेरीचा, शेजारी थंड पाण्याचा पेला. घरी पाहुणा आला की हाच पुढे येतो. मला पहिल्यांदा दिला तेव्हा आजीची बरणी आठवली आणि मी काही बोलूच शकले नाही.

ऑरेंजसिटी · १० मे, रात्री ८:४४

संत्र्याचा विषय निघालाच आहे तर. नाफ्प्लिओ ते आर्गोस हा सगळा सपाट पट्टा संत्र्यांच्या बागांचा आहे. मी नागपूरचा, काटोलला आमची बाग, म्हणून रस्त्यात गाडी थांबवून बघत बसलो. झाडं बुटकी ठेवतात, आणि बागेत मधूनमधून उंच खांबांवर मोठे पंखे उभे असतात. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून दहिवर पडलं तर फळ जातं, म्हणून पंख्याने वरची उबदार हवा खाली ढकलायची. जूनमध्ये फुलोरा संपलेला असतो, नाहीतर एप्रिलमध्ये काच खाली केली की गाडी वासाने भरते.

स्मिताकाकू_ठाणे · १० मे, रात्री ९:१०

हो! ते पंखे आम्हाला पवनचक्क्या वाटल्या होत्या. आज कळलं.

गलबत · ११ मे, सकाळी १०:२५

समुद्राचा दिवस कुणी सुचवला नाही? हायड्रा बेट! नाफ्प्लिओहून एर्मिओनीपर्यंत गाडीने सव्वा तास, तिथून जलद बोटीने अर्ध्या तासाच्या आत. बेटावर मोटारी नाहीत. सामान, विटा, फ्रिज सगळं खेचरांच्या पाठीवर. आपलं माथेरानच, फक्त लाल मातीऐवजी पांढऱ्या भिंती. वाळूचा किनारा नाही, खडकांवरून शिडीने समुद्रात उतरायचं. आईंना बंदरावर सपाटीवर बसवा, तिथे दिवस कसा जातो कळत नाही.

शेंगदाणे · ११ मे, सकाळी १०:५१

माथेरानला आता ई-रिक्षा आल्या हो.

गलबत · ११ मे, सकाळी ११:०३

म्हणून तर हायड्राला जायचं! बाय द वे, खेचरांवर बसून फिरू नका, ही विनंती. ती दिवसभर ओझी वाहतातच. पायी सगळं होतं.

अवंती_कुडाळ · ११ मे, दुपारी ४:१७

मी थोडं वेगळं मत मांडते. आठ दिवसांत आठ ठिकाणं नका भरू. आम्ही तसंच केलं. मायसिनी, एपिडॉरस, कॉरिंथ, हायड्रा, स्पेत्सेस, मिस्त्रास, आणि एक दिवस अथेन्स. बसने अथेन्सला जायलाच अडीच तास, तेवढेच यायला. आज फोटो काढून बघते तर नाफ्प्लिओचा एकही फोटो दिवसाचा नाही. सगळे रात्रीचे. ज्या गावात राहिलो ते गाव आम्ही उजेडात पाहिलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेही लहानसहान गाव नाही. १८३४ मध्ये अथेन्सला हलेपर्यंत नव्या ग्रीसची राजधानी इथेच होती. पहिले शासक कापोदिस्त्रियास यांचा ऑक्टोबर १८३१ मध्ये सेंट स्पिरिडॉनच्या चर्चच्या दारात खून झाला. भिंतीवरची गोळीची खूण काचेखाली जपून ठेवली आहे. गल्लीतून आपण आईसक्रीम खात जातो आणि एकदम ती समोर येते.

मेघना, तुम्ही म्युनिकच्या, म्हणून एक खास. जुन्या गावाबाहेर प्रोनियाला खडकात कोरलेला झोपलेला सिंह आहे. ग्रीसचा राजा झालेला बव्हेरियाचा राजपुत्र ओटो याच्याबरोबर आलेले बव्हेरियन सैनिक इथे साथीत मेले, त्यांच्यासाठी त्याच्या वडिलांनी करवून घेतला.

दिंडी_दरवाजा · ११ मे, संध्याकाळी ७:३०

अवंतीताईंना पूर्ण अनुमोदन.

मेघना_म्युनिक · १२ मे, रात्री ९:५५

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आईंना सगळं वाचून दाखवलं. मुरांब्याच्या ओळीला त्या म्हणाल्या, "हे गाव मला चालेल."

ठरवतोय ते असं: आठांपैकी चारच दिवस बाहेर. एपिडॉरस, मायसिनी आणि टिरिन्स, हायड्रा, आणि एक दिवस मोकळा. गाडी की बस हे सांगा आता. टिरिन्स जवळच आहे म्हणून घातलं, त्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. सोडून देऊ का?

पायवाट · १२ मे, रात्री १०:२०

टिरिन्स सोडू नका!! गावाबाहेर चार किलोमीटर, आर्गोसच्या रस्त्याला लागूनच, आणि माणसं नसतात. मायसिनीबरोबरच १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. भिंती काही ठिकाणी सहासात मीटर जाड. भिंतीच्या पोटात टोकदार छताचं दगडी दालन आहे, त्याच्या आतल्या बाजूला हात लावून बघा. इतर दगड खरबरीत आणि हे तुळतुळीत. शेकडो वर्षं धनगर तिथे मेंढरं कोंडायचे, त्यांच्या लोकरीने घासून घासून दगड असे झालेत. (दालनाचा काही भाग कधी बंद असतो, जेवढं उघडं असेल तेवढं बघा.)

अमोल_नगरवाला · १३ मे, सकाळी ८:४०

गाडीच घ्या. आम्ही बसने गेलो होतो, माझा अनुभव ऐका. मायसिनीची बस म्हणून चढलो, चालकाने हायवेवर फिख्ती नावाच्या थांब्यावर उतरवलं. पुरातन स्थळ तिथून चारएक किलोमीटर, हे आम्हाला उतरल्यावर कळलं. सकाळी अकरा, सरळ रस्ता, दोन्हीकडे ऑलिव्हची झाडं, पण सावली रस्त्यावर येत नाही. बायकोने ओढणी ओली करून मुलीच्या डोक्याला गुंडाळली. थेट दारापर्यंत जाणाऱ्या बस दिवसातून मोजक्याच, रविवारी त्याहून कमी. बसने जायचंच तर सुटण्याआधी "आर्खेआ मिकिनेस?" असं विचारून खात्री करा. आर्खेआ म्हणजे पुरातन.

भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. तुमचा जर्मन असेल तर प्रश्नच नाही. आणि जुन्या गावात गाडी नेऊ नका, बंदराजवळच्या मोठ्या वाहनतळावर लावा.

रानजाई · १३ मे, दुपारी १२:१२

मोकळ्या दिवसासाठी माझी शिफारस नेमेआ. पाऊण तासाच्या आत. सगळे देवळाचे खांब आणि वाइन बघायला जातात. आगिओर्गितिको नावाच्या द्राक्षाची लाल वाइन तिथलीच. पण अर्णवला क्रीडांगणात न्या. ऑलिम्पियासारखेच इथे खेळ भरायचे. खेळाडू ज्या दगडी बोगद्यातून मैदानात येत तो ३६ मीटरांचा बोगदा जसाच्या तसा आहे, आणि आतल्या भिंतीवर वाट बघत उभ्या असलेल्या खेळाडूंनी आपली नावं कोरली आहेत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची पोरं! बोगद्यातून पळत बाहेर यायचं. आमच्या लेकीने सहा वेळा केलं. १९९६ पासून दर चार वर्षांनी तिथे पुन्हा शर्यती होतात, कुणीही अनवाणी पळू शकतं.

कॉरिंथचा कालवा वाटेवर असेल तरच थांबा, १८९३ चा आहे, वरून वीस मिनिटं पुरतात. मात्र इस्थमियाच्या टोकाला जो पूल आहे तो बोट आली की वर उचलला जात नाही, पाण्यात खाली बुडतो. मुलांना दाखवायला हवा.

आइंडहोवनकर · १३ मे, दुपारी १:०५

आणि एपिडॉरसच्या वाटेवर आर्कादिकोचा पूल. तिकीट नाही, कुंपण नाही. मायसिनीच्या काळात रथ जावेत म्हणून मोठमोठे दगड चुन्याशिवाय रचून केलेला. अजून उभा आहे आणि चालता येतं. तपकिरी पाटी लहान आहे, हळू जा.

केतकीचे_बन · १४ मे, सकाळी ९:००

उष्णतेची लाट आली तर गेल्या काही वर्षांत सरकार दुपारी स्थळं काही तास बंद ठेवतं. निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. आणि एप्रिल २०२५ पासून तिकिटं बरीच महाग झालीत, तेवढं मनात धरा.

मेघना_म्युनिक · १७ जून, रात्री ११:३०

परत आलो. उशीर झाला लिहायला, माफ करा. आई परवाच पुण्याला परत गेल्या.

हायड्रा झालंच नाही. एर्मिओनीला पोचलो तर जोराचा वारा, त्या दिवशीच्या बोटी रद्द. खिडकीपाशी तासभर उभे होतो, कुणी नीट सांगेना. अर्णव रडवेला. मग एका मासे विकणाऱ्या आजोबांनी गावाच्या टोकाकडे बोट दाखवलं आणि "बिस्ती" एवढंच म्हणाले. समुद्रात शिरलेली जमिनीची पट्टी, तिच्यावर पाइनचं रान, दोन्हीकडे पाणी. आम्ही दुपारचे चार तास तिथे सावलीत काढले. एका बाजूला वारा, दुसऱ्या बाजूला पाणी अगदी शांत, त्या बाजूला पोहलो. आईंनी पाइनची फळं गोळा केली. गलबत, पुढच्या वेळी हायड्रा नक्की, पण तो दिवस गेला असं कुणालाच वाटलं नाही.

मायसिनीला आठला पोचलो, पायवाट यांचे शतशः आभार. सिंहद्वारात आमच्याशिवाय दोन मांजरं. टिरिन्सच्या त्या दालनात आईंनी भिंतीवर हात फिरवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. त्यांचं माहेर खटावकडचं, लहानपणी मेंढरांचे वाडे बघितलेले. म्हणाल्या, "राजे किती वर्षं राहिले कोण जाणे, मेंढरं जास्त राहिली." नवऱ्याने तेवढाच एक फोटो मोठा करून लावलाय.

पालामिदीला आई आणि मी टॅक्सीने, बापलेक पायऱ्यांनी. अर्णवचे ९०३ झाले, नवऱ्याचे ८८०. दोघं अजून भांडतात.

आता एपिडॉरस. आधी देवस्थानाचं सांगते, कारण याबद्दल इथे कुणी लिहिलं नव्हतं. नाट्यगृह तिथे होतं कारण ते मुळात रोग्यांचं तीर्थक्षेत्र होतं. अस्क्लेपिओस हा वैद्यांचा देव. लोक लांबून यायचे, आंघोळ करून एका लांब पडवीत झोपायचे, देव स्वप्नात येऊन उपचार सांगायचा. कुणाचं काय बरं झालं त्याचे शिलालेख संग्रहालयात आहेत. आईंनी दारातल्या पाटीवरचं सगळं मला भाषांतर करायला लावलं आणि त्या पडवीच्या कट्ट्यावर दहा मिनिटं गुडघ्यांना हात लावून बसल्या. मी काही विचारलं नाही.

नाट्यगृहात साडेआठला वीसेक माणसं होती. अर्णव भराभर वर गेला, अगदी शेवटच्या रांगेत. नवरा मधे, पंचविसाव्या रांगेत. आई मधल्या गोल दगडावर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, काहीतरी बोला. त्यांनी त्यांच्या आईची जात्यावरची ओवी म्हटली. गायली नाही, दळताना म्हणतात तशी, स्वतःशीच. दोन ओळी. आजूबाजूची माणसं गप्प झाली होती, भाषा कुणाला कळत नव्हती तरी.

आइंडहोवनकर, निकाल: नवऱ्याला शब्द न् शब्द. अर्णव खाली आल्यावर म्हणाला, "आजी काहीतरी म्हणतेय हे कळलं, पण काय ते नाही." मग आजी पुन्हा उभी राहिली आणि त्याला नावाने हाक मारली, नेहमीच्या जेवायला ये म्हणतानाच्या आवाजात. वरून "आलो!" असं आलं, आणि तेही खाली स्पष्ट ऐकू आलं.

मोकळा दिवस नेमेआला नाही गेलो. गावातच राहिलो, चर्चची गोळीची खूण पाहिली, सिंह पाहिला, आर्वानितियाच्या वाटेवर तीन वेळा गेलो. आई एका दुकानातून कडू संत्र्याच्या मुरांब्याची बरणी घेऊन पुण्याला गेल्या.

आइंडहोवनकर · १८ जून, सकाळी ७:५०

म्हणजे मोजमाप बरोबर होतं. आणि पायवाट यांचं सकाळी लवकर जाण्याचं म्हणणंही बरोबर. ओवी वाचून मी इथे ऑफिसात थोडा वेळ नुसता बसून होतो.

स्मिताकाकू_ठाणे · १८ जून, सकाळी ९:३३

मेघना, आईंना माझा नमस्कार सांग. गुडघे कसे आहेत आता?

मेघना_म्युनिक · १८ जून, दुपारी २:१०

सांगते काकू. दुखतात, पण काल फोनवर म्हणाल्या, जिना चढताना कमी वाटतंय.

शेंगदाणे · १८ जून, रात्री ८:२६

आमचं सप्टेंबरचं ठरलं! आर्कादिकोच्या पुलापाशी गाडी कुठे लावायची? रस्त्याच्या कडेला चालते का?

मेघना_म्युनिक · १८ जून, रात्री ८:४१

पाटीपाशी एक गाडी उभी राहील एवढी मातीची जागा आहे. तिथून दोन मिनिटं खाली उतरायचं. पुलाखालून ओढा वाहतो, पण जूनमध्ये कोरडा होता, अर्णव कमानीखालून आरपार गेला. गवत गुडघाभर असतं, सगळ्यांना लांब पँट घालायला सांगा.